बालपणीचा बाप्तिस्मा, नंतरचा विश्वास आणि कर्मे : तारण नेमके कशाने?

जुनी_वेस (धागाकर्ता)

सर्वांना जय ख्रिस्त.

धागा काढण्याचे निमित्त घरचे असले तरी प्रश्न घरापुरता नाही. आमचे कुटुंब अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतले असून १९७० पासून आमची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, म्हणजे सीएनआयमध्ये आहे. माझ्या पुतण्याचा बाप्तिस्मा तो तान्हा असताना झाला. शाळा संपता संपता बिशपांच्या हस्ते त्याचे दृढीकरण झाले, आणि त्या वेळी भर उपासनेत त्याने स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल केला. आता तो नोकरीनिमित्त पुण्यात असतो आणि तेथे एका स्वतंत्र सहभागितेत, म्हणजे कोणत्याही मोठ्या चर्चशी न जोडलेल्या मंडळीत, जातो. तिथे त्याला सांगण्यात आले आहे की लहानपणी कपाळावर पाणी घातले तो बाप्तिस्मा नव्हेच, कारण तेव्हा त्याच्याजवळ विश्वास नव्हता. आणि आता समज आल्यावरही त्याने बुडवून बाप्तिस्मा घेतला नाही, तर त्याच्या तारणाची, म्हणजे पापापासूनच्या सुटकेची, खात्री देता येणार नाही.

ह्या सांगण्यात दोन निरनिराळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय चर्चा पुढे जाणार नाही, असे मला वाटते. विश्वास आधी आणि पाणी नंतर, हा क्रम चुकला तर बाप्तिस्मा रद्द होतो का, हा एक प्रश्न. बाप्तिस्मा न घेतल्याने तारण अडते का, हा दुसरा. हे दोन्ही प्रश्न एकाच दमात विचारले की मोठी अडचण उभी राहते. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल सांगतो की तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे आहे. ते आपल्या हातून झालेले नसून देवाचे दान आहे, म्हणून कोणी अभिमान बाळगू नये. हे वचन सर्वांत मोठ्या आवाजात सांगणाऱ्या मंडळ्याच जर पाण्यात उतरण्याच्या माझ्या निर्णयावर तारण टांगून ठेवू लागल्या, तर ज्याला त्या ‘कर्म’ म्हणून दारातून बाहेर काढतात, तेच खिडकीतून आत येत नाही काय?

माझे मत आधीच सांगतो. बाप्तिस्मा म्हणजे प्रथम देवाने माणसाला दिलेला शब्द आहे. माणसाने देवाला दिलेला शब्द त्यानंतर येतो. देवाचा शब्द एकदा दिला गेला की तो माझ्या समजेची वाट पाहत थांबू शकतो, पण माझी समज उशिरा आली म्हणून तो शब्द खोटा होत नाही. म्हणूनच बाप्तिस्मा दुसऱ्यांदा घेणे मला अमान्य आहे. विरुद्ध मत असणाऱ्यांनी मोकळेपणाने लिहावे. मात्र कोणत्याही मंडळीचे किंवा पाळकांचे नाव घेऊन टीका करू नये, एवढी विनंती.

वसईकर_वाचक

तुमच्या पुतण्याचा बाप्तिस्मा पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा ह्यांच्या नावाने झाला असेल, तर तो उद्या कॅथलिक झाला तरी आमचे धर्मगुरू त्याला पुन्हा बाप्तिस्मा देणार नाहीत. ही भूमिका फार जुन्या वादातून आली आहे. तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणत होता की पाखंडी लोकांनी दिलेला बाप्तिस्मा ग्राह्य नाही, आणि रोमचा बिशप स्तेफन म्हणत होता की तो ग्राह्य आहे. पुढे उत्तर आफ्रिकेतील डोनाटसपंथीयांनी, छळाच्या काळात कच खाल्लेल्या धर्मगुरूंचे संस्कार निरर्थक ठरवले. त्यांना उत्तर देताना संत ऑगस्टीनने जे प्रतिपादन केले, ते आजही आमचा पाया आहे : बाप्तिस्मा ख्रिस्ताचा असतो, देणाऱ्याचा नसतो.

दुसरा मुद्दा कर्मांचा. कॅथलिक लोक पुण्यकर्मांनी स्वर्ग विकत घेऊ पाहतात, असे आमच्याबद्दल सर्रास बोलले जाते, आणि ते ऐकून खरोखर दुःख होते. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मसभेने १३ जानेवारी १५४७ रोजी नीतिमत्त्वाविषयी, म्हणजे माणूस देवापुढे निर्दोष कसा ठरतो ह्याविषयी, जो आदेश काढला, त्याचा पहिलाच नियम सांगतो की ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेवाचून, निव्वळ स्वतःच्या कर्मांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरू शकतो असे म्हणणारा धर्मबाह्य होय. त्याच आदेशात विश्वासाला नीतिमत्त्वाचा आरंभ, पाया आणि मूळ म्हटले आहे. ट्रेंटने नाकारला तो ‘केवळ विश्वास’, म्हणजे ज्यात प्रीती आणि आज्ञापालन ह्यांना जागाच नाही असा विश्वास. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय उघडून पाहावा : भाऊ किंवा बहीण उघडी आहे, तिला त्या दिवसाचे अन्न नाही, आणि तुम्ही तिला ‘सुखाने जा, ऊब घे, तृप्त हो’ एवढेच म्हणून वाटेला लावता. अशा विश्वासाला याकोब निर्जीव म्हणतो, आणि माणूस केवळ विश्वासाने नव्हे तर कर्मांनी नीतिमान ठरतो असे स्पष्ट लिहितो. प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक लूथर ह्याला हे पत्र इतके अडचणीचे वाटले की १५२२ च्या आपल्या नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने त्याला गवताचे पत्र म्हटले. पण पत्र शास्त्रात आहे, आणि त्याला उत्तर द्यावेच लागते.

भीमातीर

मी अशाच एका स्वतंत्र सहभागितेचा सभासद आहे आणि मी प्रौढपणी, स्वतःच्या इच्छेने, बुडवून बाप्तिस्मा घेतला आहे. धागाकर्त्यांनी विषय सौजन्याने मांडला आहे. मीही तसेच उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम तारणाविषयी. तुमच्या पुतण्याला जर कोणी म्हटले असेल की बुडवून बाप्तिस्मा न घेतल्यास तारण नाही, तर ते सांगणारा आमच्याच शिकवणीच्या पलीकडे गेला. वधस्तंभावरच्या चोराला प्रभूने त्याच दिवशी सुखलोकात स्थान दिले, तेव्हा त्याला खाली उतरवून पाण्याकडे नेले नव्हते. मार्क १६:१६ मध्ये विश्वास धरणारा व बाप्तिस्मा घेणारा तरेल असे आहे, पण शिक्षेचे वचन फक्त विश्वास न धरणाऱ्यासाठी आहे. पौलाने तर करिंथकरांना लिहिले की ख्रिस्ताने मला बाप्तिस्मा करण्यासाठी नव्हे, तर सुवार्ता सांगण्यासाठी पाठवले. बाप्तिस्म्याने पाप धुतले जाते असे आम्ही मानत नाही; विश्वासाने जे झाले त्याची ती उघड साक्ष आहे.

परंतु साक्ष द्यायची तर साक्षीदार हवा, आणि तान्हे मूल साक्ष देऊ शकत नाही. पेन्टेकॉस्टच्या दिवशी पेत्राने आधी पश्चात्ताप करा म्हटले, मग बाप्तिस्मा घ्या म्हटले. फिलिप्पाने कूशी (इथियोपियातल्या) षंढाला आधी येशूची सुवार्ता सांगितली, आणि मग वाटेत पाणी लागल्यावर दोघे त्यात उतरले. नव्या करारात जेथे जेथे क्रम दिसतो तेथे तो असाच आहे. तान्ह्या मुलाच्या बाप्तिस्म्याचा एकही स्पष्ट प्रसंग त्यात नाही. इसवी सन २०० च्या सुमारास तर्तुल्यन मुलांचा बाप्तिस्मा पुढे ढकलावा असा सल्ला देतो. म्हणजे तेव्हा ती प्रथा होती हे खरे, पण तिच्यावर आक्षेपही तितकेच जुने आहेत हेही खरे.

ह्या मतासाठी लोकांनी काय सोसले तेही आठवावे. २१ जानेवारी १५२५ च्या रात्री झुरिकमध्ये, फेलिक्स मान्झच्या घरी, कॉनराड ग्रेबेलने जॉर्ज ब्लाउरॉकला त्याच्या विनंतीवरून बाप्तिस्मा दिला. पुढच्या वर्षी नगरसभेने पुन्हा बाप्तिस्मा देणाऱ्यांना बुडवून मारण्याचा हुकूम काढला. ५ जानेवारी १५२७ रोजी मान्झला लिमाट नदीवर नेले. त्याचे हात बांधून गुडघ्यांवरून खाली ओढले, गुडघे आणि कोपरे ह्यांच्यामध्ये काठी घातली आणि नावेतून त्याला पाण्यात लोटले. काठावरून त्याची आई आणि भाऊ त्याला स्थिर राहा म्हणून ओरडून सांगत होते. मारणारे रोमन कॅथलिक नव्हते. शास्त्र हेच प्रमाण असे म्हणणारे, प्रोटेस्टंट सुधारक झ्विंग्ली ह्याच्या नगरातले सुधारकच होते. जन्मलेल्या प्रत्येक मुलाला बाप्तिस्मा देऊन सगळे नगरच ख्रिस्ती ठरवायचे, मग विश्वास असो वा नसो, हे त्या माणसांना मान्य नव्हते. तुमच्या पुतण्याला आज ‘माझा निर्णय माझा असावा’ असे वाटत असेल, तर त्यामागे हा वारसा आहे. त्याची ती ओढ हट्ट समजू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

फौजेतला

आमच्या घराण्यात तीन पिढ्या मुक्तिफौजेची, म्हणजे साल्व्हेशन आर्मी ह्या ख्रिस्ती मंडळीची, सेवा आहे. मुक्तिफौज १८८२ साली मुंबईत आली, आणि पुढच्याच वर्षापासून जगभरच्या फौजेने बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोन्ही विधी बंद केले. आजही आम्ही ते पाळत नाही. आमच्यात सैनिक, म्हणजे पूर्ण सभासद, होताना निशाणाखाली उभे राहून विश्वासाची आणि पवित्र जीवनाची प्रतिज्ञा करतात, पाणी नसते.

इतर मंडळ्यांचे विधी आम्ही चुकीचे मानत नाही. एवढेच म्हणतो की कृपा पाण्यावाचून येऊ शकते, आणि ती आली आहे की नाही हे माणसाच्या वागण्यातून दिसते. मत्तयाच्या २५ व्या अध्यायात राजा लोकांना उजवीकडे आणि डावीकडे करतो, तेव्हा तो भुकेल्याला अन्न दिले का, परक्याला घरात घेतले का, तुरुंगातल्याला भेटलात का, एवढेच विचारतो. वरच्या चर्चेत पाण्यावर इतके लिहिले गेले आणि ह्या अध्यायाचा उल्लेखही आला नाही, म्हणून लिहावेसे वाटले.

उंबरठ्यावरून

मी ख्रिस्ती नाही, पण वाचतो आहे. एक प्रश्न. बाप्तिस्मा आवश्यक मानला, तर तो मिळण्याआधीच दगावलेल्या बाळाचे काय? आणि विश्वासच आवश्यक मानला, तरी त्या बाळाजवळ विश्वास कोठला?

वसईकर_वाचक

प्रश्न अचूक आहे, कारण तो दोन्ही पक्षांना सारखाच लागू होतो. आमच्याकडे पूर्वापार असे मानतात की बाप्तिस्म्याची इच्छा असताना मरण आले तर ती इच्छाच बाप्तिस्म्याच्या ठिकाणी मोजली जाते, आणि ख्रिस्तासाठी प्राण देणाऱ्याचे रक्त हाच त्याचा बाप्तिस्मा. तान्ह्या मुलांसाठी मध्ययुगात ‘लिंबो’ची कल्पना पुढे आली, म्हणजे दुःख नाही पण देवदर्शनही नाही अशी अवस्था. ती कधीच बंधनकारक शिकवण नव्हती. २००७ साली व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईश्वरविज्ञान आयोगाने सविस्तर विचार करून म्हटले की अशा बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास भक्कम आधार आहे. देवाने तारण संस्कारांशी जोडले आहे, पण देव स्वतः संस्कारांनी बांधलेला नाही, असे आमच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात आहे. ज्या आईबापांनी असे मूल गमावले आहे, त्यांच्याशी बोलताना तरी सर्व मंडळ्यांनी हे लक्षात ठेवावे.

जुनी_वेस (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. भीमातीर, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. मान्झच्या मृत्यूबद्दल तुम्ही जे लिहिले आहे ते आमच्या परंपरेवरचे खरे ओझे आहे, आणि त्याची सफाई देण्याची माझी इच्छा नाही. तारण पाण्यावर अवलंबून नाही हेही तुम्ही स्पष्ट केलेत, त्यामुळे वाद पुष्कळ निवळला. राहिला क्रमाचा प्रश्न.

क्रमाच्या बाबतीत रोमकरांस पत्राचा चौथा अध्याय मला निर्णायक वाटतो. अब्राहामाने आधी विश्वास ठेवला आणि त्या विश्वासाच्या नीतिमत्त्वाचा शिक्का म्हणून त्याला सुंतेची खूण मिळाली. इथवर तुमचा क्रम. पण तीच खूण त्याने इसहाकाला आठव्या दिवशी दिली, तेव्हा इसहाकाजवळ विश्वास नव्हता. विश्वास पुढे आला. खूण पुन्हा करण्याची गरज कोणाला वाटली नाही. कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल सुंता आणि बाप्तिस्मा ह्यांची सांगड घालतो, हेही पाहावे.

दुसरा दाखला शमरोनातल्या शिमोन जादूगाराचा. प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय. त्याने विश्वास ठेवून बाप्तिस्मा घेतला, तोही प्रौढपणी, तुमच्या अपेक्षेप्रमाणे. पुढे तो पवित्र आत्मा पैशांनी विकत घेऊ पाहतो, आणि पेत्र त्याला सुनावतो की तुझे अंतःकरण देवापुढे सरळ नाही. म्हणजे त्या बाप्तिस्म्याच्या मागे जिवंत विश्वास नव्हता. पण पेत्र त्याला पुन्हा बाप्तिस्मा घे म्हणत नाही. पश्चात्ताप कर, प्रार्थना कर, एवढेच सांगतो. मला वाटते, ज्यांचा बाप्तिस्मा आधी झाला आणि अंतःकरण मागे राहिले, त्या सगळ्यांना हाच सल्ला लागू आहे.

आपल्याच भूमीतले उदाहरण पंडिता रमाबाईंचे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सोबत अडीच वर्षांच्या मनोरमेचाही झाला. आई पूर्ण विचारांती आलेली, संस्कृत शास्त्रे कोळून प्यालेली विदुषी, आणि मुलगी कडेवरची. पुढे आपल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी लिहिले की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त मिळालेला नाही. इतक्या जाणत्या स्त्रीच्या बाबतीतही पाणी आणि जिवंत विश्वास ह्यांत आठ वर्षांचे अंतर पडू शकते, तर ‘समजून घेतलेला’ तो खरा आणि ‘न समजता मिळालेला’ तो खोटा, ही रेघ नेमकी कोठे ओढणार? स्वतःची समज पूर्ण झाली असे कोणत्या दिवशी म्हणायचे? लूथर आपल्या १५२९ च्या मोठ्या प्रश्नोत्तरीत सांगतो की पापाने मन खचते तेव्हा माणसाने ‘माझा बाप्तिस्मा झाला आहे’ असे म्हणावे, कारण त्यात देवाचे वचन आहे. माझ्या विश्वासाच्या खोलीवर बाप्तिस्मा उभा केला, तर नेमक्या त्या खचलेल्या दिवशी त्याचा मला काय उपयोग?

वसईकर, कर्मांबद्दल तुमच्याशी माझा मतभेद उरतो, पण तो लोक समजतात त्यापेक्षा फार लहान आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्गमध्ये लूथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च ह्यांनी नीतिमत्त्वाविषयीच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो, आणि तोच आपल्याला सत्कर्मांसाठी सज्ज करतो, असे त्यात दोघांनी मिळून म्हटले आहे. मेथडिस्ट २००६ मध्ये आणि रिफॉर्म्ड मंडळ्या २०१७ मध्ये त्यात सामील झाल्या. पौल विचारतो की माणूस देवापुढे उभा कशाच्या आधारावर राहतो. याकोब विचारतो की तो आधार ज्याला मिळाला, त्याच्या घरी उघडा भाऊ आला तर काय होते. दोघेही अब्राहामाचेच उदाहरण देतात, हे ध्यानात घेतले पाहिजे. फौजेतला ह्यांनी मत्तयाची आठवण दिली ती म्हणूनच योग्य आहे. मात्र कर्नेल्य ह्या रोमी शताधिपतीच्या घरी पवित्र आत्मा पाण्याच्या आधी उतरला, तरीही पेत्राने पाणी आणवले, एवढे त्यांच्या विचारासाठी नोंदवतो.

शेवटी सीएनआयबद्दल. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एक झाल्या. त्यांत तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन आणि आमच्यासारखे काँग्रिगेशनल-प्रेस्बिटेरियन होते. आणि फक्त विश्वासणाऱ्यांना देणारे बॅप्टिस्ट, डिसायपल्स आणि ब्रदरन मंडळीही होते. ब्रदरन तर पाण्यात गुडघे टेकवून तीनदा पुढे बुडवतात. सीएनआयच्या संविधानात बालबाप्तिस्मा आणि विश्वासणाऱ्यांचा बाप्तिस्मा हे दोन्ही पर्याय म्हणून मान्य केले गेले. ज्यांच्या पूर्वजांनी एकमेकांना नदीत बुडवले, ते एका मेजावर बसले. मला हे आमच्या मंडळीच्या इतिहासातले सर्वांत मोठे काम वाटते, आणि पुतण्याने ते सोडून जाऊ नये असे वाटण्यामागे हेही एक कारण आहे.

दरबारी

रमाबाईंचा विषय निघाला म्हणून रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण करून देतो. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या ह्या कवीने १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तशिष्य असावेत, अशी त्यांची योजना होती. दोनच वर्षांत ते गेले आणि काम अपुरे राहिले.

आज हा प्रश्न निव्वळ शास्त्रार्थाचा नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीचा दर्जा राहत नाही. त्यामुळे अनेक जण मनाने ख्रिस्ताचे असतात, उपासनेला येतात, उपासही करतात, पण मुलांच्या जातीच्या दाखल्यासाठी बाप्तिस्म्यापाशी थबकतात. ज्याला बाप्तिस्म्याची किंमत कधी मोजावी लागली नाही, त्याने अशा माणसाला ‘अर्धवट विश्वासी’ म्हणताना दहादा विचार करावा.

भीमातीर

दरबारी ह्यांचा मुद्दा मला पटतो. आमच्या सहभागितेतही असे लोक आहेत.

धागाकर्ते, शिमोनाचा दाखला बळकट आहे आणि त्यावर मी आमच्या वडीलजनांशी बोलणार आहे. पण प्रेषितांच्या कृत्यांचा १९ वा अध्यायही आहे. इफिसमध्ये ज्यांना योहानाचा बाप्तिस्मा मिळाला होता, त्यांना पौलाने पुन्हा बाप्तिस्मा दिला. तुम्ही म्हणाल, तो ख्रिस्ताच्या नावाने नव्हता, म्हणून दिला. बरोबर. तरी एवढे सिद्ध होते की आधी एक पाणी झाले म्हणून दुसरे कधीच द्यायचे नाही, असा सरसकट नियम नाही; पहिले पाणी खरे होते का, हे तपासावेच लागते. इसहाकाबद्दल म्हणाल, तर जुना करार जन्माने पुढे जात होता, नवा करार पुन्हा जन्मल्याने जातो. म्हणून नव्याची खूण नव्याने जन्मलेल्यालाच द्यावी. ह्या ठिकाणी आपण दोघे एकमेकांना पटवू शकू असे मला वाटत नाही.

जुनी_वेस (धागाकर्ता)

मलाही वाटत नाही. म्हणून एकच व्यावहारिक प्रश्न विचारतो. पुतण्या तुमच्यासारख्या सहभागितेत राहिला, विश्वास उघडपणे कबूल केला, पण आपला बालपणीचा बाप्तिस्मा नाकारण्यास त्याची सद्सद्विवेकबुद्धी तयार झाली नाही, तर त्याला प्रभुभोजनाला बसू द्याल का?

भीमातीर

आज आमचा नियम ‘नाही’ असा आहे. पण आमच्याच परंपरेत ह्याच्या उलट उदाहरण आहे. बेडफर्डचा जॉन बन्यन स्वतः विश्वासणाऱ्यांचा बाप्तिस्मा मानणारा होता. तरी १६७३ साली त्याने ह्याच विषयावर पुस्तिका लिहून सांगितले की पाण्याच्या बाप्तिस्म्याविषयीचा मतभेद हे कोणाला प्रभूच्या मेजापासून दूर ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही. लंडनच्या बॅप्टिस्टांनी त्याच्यावर कडक टीका केली, तरी तो मागे हटला नाही. पुढच्या महिन्याच्या वडीलजनांच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्मा आहे, असे मी तेथेही म्हणणार नाही. पण तो मानणाऱ्या भावाला भाकरी नाकारू नये, असे नक्की म्हणेन. बैठकीत जे ठरेल ते येथे कळवतो.